आतून घातलेल्या चार शिवणी

मी शिंपीण. चाळीस वर्षं लोकांची अंगं मोजतेय. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती-कंबर मला कळलेली असते. आणि घरातल्या घरात ह्याच नजरेनं माती खाल्ली.

सून माझी अबोल. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. तिला दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या. दिवसाला पंधरा-वीस. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. इस्त्रीची वाफ, नवं कापड, एवढंच काय, माझ्या केसांच्या तेलाचाही वास सोसेना. मागच्या खोलीत दार लावून बादलीजवळ बसायची. मला राग आला, खोटं कशाला बोलू? दाराबाहेरूनच ऐकवलं, "आम्ही काय पोरं काढली नाहीत? मशीनवर बसून काढली!" आतून नुसता ओकारीचा आवाज.

एकदा ती पाणी न्यायला दुकानातून गेली. ड्रेस खांद्यावरून लोंबत होता आणि समोर दोन गिऱ्हाइकं. मी म्हणाले, "शिंपिणीच्या घरात असलं गबाळं? दुकानाची अब्रू जाते, बाई. कपडा अंगावर बसलेला दिसला पाहिजे."

"बरं, आई," म्हणाली.

तेव्हापासून ड्रेस कायम चोख. मी निर्धास्त. कपडा बसलाय म्हणजे अंग जागेवर आहे, एवढंच मला कळतं! फोनवर मुलालाही ठोकून दिलं, "ठणठणीत आहे रे."

चौथा महिना लागला. आता पोट वाढेल, आधीच कपडे सैल करून ठेवावेत म्हणून दोरीवरचा तिचा एक ड्रेस काढून उलटा केला. बाजूला माझी जुनी शिवण. तिच्या आत दुसरी, मग तिसरी, चौथी, पाचवी. माझ्या शिवणीच्या आत चार, सगळ्या हातानं घातलेल्या. मशीनचा आवाज मला ऐकू गेला असता ना! टेप लावली, तर घेरातले सहा इंच गेलेले. दार ढकललं. पोर भिंतीला टेकलेली, ओठ फुटलेले, हातात ओवलेली सुई.

दवाखान्यात वजन केलं, बारा किलो उतरलं होतं. डॉक्टरीणबाई भडकल्या. "ह्या साध्या उलट्या नाहीत, हा आजार आहे. दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. घरात कुणी नव्हतं का?"

होते की मी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळाचे ठोके लागले तेव्हा कुठे मी खाली बसले. तीन दिवस सलाईन चाललं, मग पहिला घोट पोटात राहिला. मी केस धुऊन, तेल न लावता तिच्या उशाशी बसले होते, मांडीवर तोच ड्रेस घेऊन, एकेक शिवण उसवत.

"अगं, मला एका शब्दानं सांगायचं नाही?"

तिनं माझ्या मांडीवरच्या ड्रेसची उसवलेली कड बोटांत धरली.

"सांगत होते की, आई. तुम्ही दाराबाहेरच असायचात. मग म्हटलं, निदान कपडे तरी तुमच्या मनासारखे करू."