आंबेनळी घाट, वहिनी आणि माझी देखणी गाडी

सीवूड्सला दादाकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाली आणि दादाने गाडीची किल्ली वहिनींसमोर ठेवली. "आता ही तुझी. मी चालवणार नाही."

त्याला काचबिंदू झालाय हे आम्हाला ठाऊक होतं. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितलीय, हे त्या दुपारी कळलं. मला गाड्यांचं वेड लावलं ते दादानेच. लहानपणी गॅलरीत पाठमोरा उभा राहून, नुसत्या आवाजावरून तो खालून जाणारी गाडी ओळखायचा. त्याची जुनी सेडान लांब नाकाची, जड क्लचची. वहिनींनी दिवाळीनंतर लायसन्स काढलं होतं, पण मजल भाजी मार्केटपर्यंतच. म्हणजे नवीन गाडी घेणं आलं.

"डोळे मिटून माझ्यासारखीच घ्या," मी म्हणालो.

पावणे एमआयडीसीत ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे गाड्यांच्या डॅशबोर्डचे प्लॅस्टिकचे भाग बनतात. त्यामुळे गाडी म्हटलं की माझं तोंड सुटतं. माझी गाडी ऑटोमॅटिक, उंच, तरी छप्पर मागे उतरत गेलेलं, पुढची काच भरपूर तिरकी, आत एकही बटण नाही, सगळं मोठ्या स्क्रीनवर. आजही सिग्नलला लोक वळून बघतात. ठरलं असं की तीन दिवसांची ट्रिप काढायची. पोलादपूरवरून महाबळेश्वर, मग वाई, परत एक्सप्रेसवेने. वाटेत वहिनींनी चालवून बघायची.

जानेवारीत, उजाडता उजाडता निघालो. पामबीच रोड रिकामा होता, पनवेलपर्यंत काही जाणवलंच नाही. गोवा हायवे आता बराचसा सिमेंटचा झालाय, पण मध्येच डायव्हर्शन येतं आणि पुन्हा खडी सुरू. अंधारात जाणार असाल तर तिथे जपून. पेणच्या पुढे मिसळ खायला थांबलो तेव्हा वहिनी कंबर धरून उतरल्या.

"भाऊजी, मागे फार आपटतं हो. आणि बाहेरचं काहीच दिसत नाही."

त्यांचंही बरोबर होतं. मोठी चाकं आणि त्यावर पातळ टायर फोटोत झकास दिसतात, पण खड्डा थेट मणक्यात येतो. छप्पर उतरतं केलं की मागची खिडकी चिंचोळी होते. हे मला माहीत होतं. मी मागे कधी बसलोच नव्हतो.

पुढे निघाल्यावर दादाला गार वाटायला लागलं. त्याने एसी कमी करायला स्क्रीनला बोट लावलं, तर रेडिओ सुरू झाला. पुन्हा लावलं, नकाशा आला. मग त्याने हात मांडीवर घेतले.

"मन्या, जरा कमी कर ना."

जुन्या गाडीत तो रस्त्यावरून नजर न काढता तीच गोष्ट करायचा. मी तापमान वाढवलं.

पोलादपूरला चहा झाला. महाबळेश्वरचा फाटा लागल्यावर मी गाडी वहिनींच्या हातात दिली. दादा डावीकडे, मी मागे. (पावसाळ्यात आंबेनळी घाट दरडींमुळे बंद असू शकतो, आधी चौकशी करून निघा.) वहिनी छान चालवत होत्या. डावी वळणं आली, गेली. मी मागून इंजिनाची ताकद किती, वळणावर गाडी कशी रस्ता धरून राहते, असं काहीबाही सांगत होतो.

मग एक उजवं वळण आलं. वहिनींनी स्टिअरिंग फिरवलं आणि समोरून कर्कश हॉर्न वाजला. उतारावरून येणारी मोटरसायकल एकदम कुठून तरी उगवल्यासारखी बॉनेटसमोर आली. मागे बायको, दोघांच्या मध्ये पोतं. त्या माणसाने गाडी कडेच्या मातीत घातली, डुगडुगला, सावरला आणि "ओ ताई, बघा की!" असं ओरडून खाली निघून गेला.

वहिनींनी पुढे रुंद जागा बघून गाडी उभी केली.

"तो नव्हताच हो तिथे! आईशपथ, मी बघत होते."

मी उतरून त्यांच्या जागी बसून पाहिलं. पुढची काच आणि दार यांच्यामधला खांब. गाडी उलटली तर छप्पर त्यानेच पेलायचं, म्हणून तो जाड असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रूपासाठी काच इतकी तिरकी केली की तो डोळ्यांच्या जवळ येऊन आडवा पडतो. मी उंच, मला वरून दिसतं. मान खाली घेऊन वहिनींच्या उंचीला आणली, तर त्या खांबामागे अख्खी मोटरसायकल मावत होती.

"मला नको आता," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्हीच चालवा."

दादा समोर बघतच म्हणाला, "सुनीता, तुला एक खांब आहे. मला दोन्ही बाजूंना आहेत. समोरचं स्वच्छ दिसतं, कडेचं गेलंय."

"कधीपासून?"

"काय माहीत. मलाच कळलं नाही. डोकं वळवून वळवून बघायची सवय लागली होती. मग एकदा पामबीचला एक मुलगी रस्ता ओलांडत होती, ती तुझ्या मोटरसायकलवाल्यासारखीच... नव्हतीच, आणि एकदम होती. काही झालं नाही. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मी वीसच्या वर गाडी नेली नाही."

"बोलला नाहीत मला."

"आता बोललो ना."

वहिनींनी डोळे पुसले. पाण्याची बाटली रिकामी केली. मग सीट जाईल तेवढी वर घेतली आणि मला म्हणाल्या, "बसा मागे. मी पण डोकं वळवून बघते."

पुढच्या प्रत्येक उजव्या वळणाला त्या पुढे झुकायच्या, खांबाच्या अलीकडून आणि पलीकडून बघायच्या. दादा फक्त "हॉर्न" म्हणायचा. प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत मीही मागून मान काढून वळणं बघत होतो.

महाबळेश्वरला शनिवार-रविवारी पार्किंगसाठी जीव जातो. आम्ही स्ट्रॉबेरी घेतल्या आणि पसरणी घाटाने वाईत उतरलो. मुक्कामाला वाईच बरी. खोल्या स्वस्त, जेवण घरगुती. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो असताना दादा म्हणाला, "गाडी छान आहे रे तुझी."

"खरंच?"

"हो. लांबून बघायला."

वहिनी इतक्या हसल्या की शेजारची माणसं बघायला लागली.

परतीला वाईपासून खंबाटकीच्या बोगद्याच्या पलीकडेपर्यंत त्यांनीच चालवली, पुढे मी. एक्सप्रेसवेवर गाडी फार सुरेख पळते, हे मात्र खरं. ज्याला एकट्याने लांब जायचंय त्याला मी ती आजही सुचवेन.

पुढच्या शनिवारी सानपाड्याच्या एका शोरूमला गेलो. वहिनींना एक चौकोनी, उभट गाडी बघायची होती, जिला मी याच ब्लॉगवर खोका म्हटलं होतं. उभी काच, मोठ्या खिडक्या, एसीला गोल फिरणारी बटणं. सेल्समन सनरूफबद्दल सांगायला लागला, तर वहिनी थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"भाऊजी, गाडीभोवती हळूहळू चाला बरं."

मी चालायला लागलो. वहिनी आतून सांगत होत्या, "दिसताय... दिसताय... आता नाही... दिसलात. मागे जा. हां, दिसताय." लोक बघत होते. मग त्यांनी उतरून दादाला डावीकडे बसवलं, सेल्समनला मागे बसायला सांगितलं आणि इंजिन चालू केलं.

गाडी कोपऱ्यावर थांबली. वहिनींचं डोकं पुढे झुकलं, उजवीकडे वळलं. दादाचंही वळलं. मग इंडिकेटर लागला आणि ती रस्त्याला लागली. दिसायला अजूनही खोकाच. मी फूटपाथवर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.