पलंग वर घेताना

बाबा काय म्हणत होते ते मला कळलं होतं. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. घरात सगळ्यांची समजूत अशी, की बाबांचं शेवटचं बोलणं कुणालाच कळलं नाही.

आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा गिरणीत होते. मी आठवीत असताना शाळेतल्या सरांनी त्यांना सांगितलं, पोरगं हुशार आहे, मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाईल. त्या संध्याकाळी बाबांनी फर्मान काढलं, "ह्याच्यापुढे मालवणी बंद. गावची भाषा तोंडात बसली की इंग्रजी बसायची नाही." आई हसली, "मग मी काय मुकी ऱ्हवू?" पण तिनेही ऐकलं. स्वयंपाकघरात दोघं हळू आवाजात मालवणी बोलत आणि मी आत गेलो की गप्प होत. मला वाटायचं, घरात पैशांची अडचण असेल.

बाबांचं चुकलं असंही म्हणवत नाही. मला प्रवेश मिळाला. नोकरी, बोरीवलीत लिफ्टच्या इमारतीतलं घर, त्यांच्या आजारपणात चांगलं हॉस्पिटल, हे सगळं त्या शिक्षणानेच दिलं. सोसायटीत बाबा कुणालाही थांबवून सांगायचे, "आमचा मुलगा तिथला आहे हां." कॉलेजचं नाव घ्यायची गरज नसायची.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आमच्याशी बोलायची ती शुद्ध मराठीही गेली. डॉक्टर म्हणाले, कधी कधी मागून शिकलेलं आधी पुसलं जातं. उरली ती मालवणी, तीही जड जिभेची, तुटक. आई तोवर गेली होती. मला एवढंच ऐकू यायचं, "वर. माका वर."

मी मोटरवर चालणारा पलंग आणला. त्यांनी "वर" म्हटलं की बटण दाबून पाठ उचलायची. बाबा डाव्या हाताने कठडा आपटायचे. मी आणखी उचलायचो. कोन चुकत असेल म्हणून रिमोट उघडून एक नेमका कोन बसवून दिला. शेजारचे काका बघून म्हणाले, "घरात इंजिनिअर असला की कसं, झकास!" बायको म्हणाली, "अरे, सरळ बसले ते. आता काय गच्चीवर नेतोस?" बाबा माझ्याकडे बघत राहिले.

एका दुपारी गावाहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. बायको कामावर गेली होती. मी फोन बाबांपुढे धरला आणि त्यांनी तोच शब्द काढला. आत्या रडायलाच लागली.

"काय म्हणतायत गं? पलंग तर वर केलाय."

"तो 'वर' म्हणना नाय रे झिला, 'व्हर' म्हणता. घराक व्हर म्हणता तो. एवढा शिकलंस आणि बापाशीची भाषा कळना नाय?"

व्हर म्हणजे ने. मला गावी, घरी ने.

"डॉक्टर नको म्हणतात गं," मी म्हणालो. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. नंतरही विचारलं नाही. ते हो म्हणतील अशी भीती वाटत होती. गावच्या त्या घरात बाबांजवळ बसून मी काय बोललो असतो, आणि कुठल्या भाषेत? ऑफिसात कामं अडली होती हेही खरं, पण ते कारण मी मागाहून शोधलं.

फोन ठेवला. बाबा पुन्हा म्हणाले, "व्हर." आता मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी बटण दाबलं.

ते जाईपर्यंत मी तेच करत राहिलो. बायकोसमोर तर मुद्दाम मोठ्याने विचारायचो, "बाबा, अजून वर?" शेवटी शेवटी त्यांनी म्हणायचंच सोडलं. मोटरचा आवाज सुरू झाला की डोळे मिटून घ्यायचे.

"जमाचा नाय." जमणार नाही, एवढं सांगण्यापुरती मालवणी मला येत होती; तेही मी म्हटलं नाही.

मी बाबांना एक उत्तर देणं लागतो. नकाराचं का होईना, पण त्यांच्या भाषेतलं. ते मी अजून दिलेलं नाही.