चिठ्ठीत आलेलं घर

निपाणीत आमच्या गल्लीत कुणी अनोळखी माणूस आला की आधी कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून चौकशी करतो. ही मुलगी थांबली नाही. हातातल्या टॅबवर बघत सरळ माझ्या दाराशी आली आणि माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन, हेच घर काय, असं विचारलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचं नाव बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकायची सवय राहिली नव्हती. मला वाटलं, विजेच्या बिलाचं काहीतरी असेल.

ती बेळगावहून आली होती. गाव खानापूरकडचं. सरकारी सर्व्हेचं काम करत होती. घरात माणसं किती, कोण कामाला जातं, कोण घरी असतं, कुणाला काम हवं असून मिळत नाही, असले प्रश्न. मी तिला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. पहिलाच प्रश्न होता, घरात किती माणसं?

मी म्हणाले, चार.

रेशन कार्डावर चार नावं आहेत. मी, मुलगा, सून, नात. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. लग्न तिकडे गेल्यावर केलं, नात तिकडेच झाली. तरी कुणी विचारलं तर चारच सांगायचं, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. घरातून निघताना जशी बाई 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते, तसा 'एकटी' हा शब्दही तोंडातून काढत नाही. माणसं परगावी गेलीत म्हणायचं. किती वर्षं झाली ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि तोही पुढे विचारत नाही.

या मुलीनं विचारलं. मुलगा इथे कधी राहतो? मी म्हणाले, दिवाळीला येतात. मागच्या दिवाळीला आले नव्हते, पण तिनं मागच्या दिवाळीचं विचारलं नव्हतं. तेव्हा तिनं नियम सांगितला. जो माणूस बहुतेक दिवस या घरात राहतो आणि याच चुलीवरचं खातो, तोच मोजायचा.

"मग माझ्या नातीला काय काढून टाकू?" मी म्हणाले.

तिनं टॅब पिशवीत घातला आणि पुन्हा येते म्हणाली. शेजारची आक्का नळावर घागर लावून सगळं ऐकत होती. तिच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. सकाळी आंघोळीला नंबर लागतात. ती तिथूनच म्हणाली, "पोरी, हितं काय घावणार तुला? आमच्यात ये. आमच्यात मोजायला माणसं तरी हाईत."

मुलगी हसली आणि गेली. आक्काकडे गेली नाही, हे मी बघितलं.

चार-पाच दिवसांनी ती परत आली. ऊन होतं, बसस्टँडपासून चालत आली होती. मी तिला चहा दिला आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून म्हणाले की शेजारी जा, त्या आनंदानं सांगतील, तुझं काम होऊन जाईल. ती म्हणाली, घर बदलता येत नाही. आधी या भागातल्या सगळ्या घरांची यादी केली, प्रत्येकाला नंबर दिला, आणि मग चिठ्ठ्या काढाव्यात तसे संगणकानं त्यातले काही नंबर काढले. त्यात माझं घर आलं. आक्काचं आलं नाही. कुणी दार उघडलं नाही म्हणून शेजारचं दार वाजवायचं, असं केलं तर सगळं बिघडतं.

मला ते पटलं नाही. घर ते घर.

"आज्जी, जी माणसं दार उघडत्यात, तेवढीच मोजली तर काय हुईल?" ती म्हणाली. "ज्या घरात लई माणसं, तिथं कोण ना कोण असतंयच. ती सगळी घावणार. तुमच्यासारख्यांची दारं बंदच ऱ्हाणार."

हे मात्र मला कळलं. मी चौथीपर्यंत शिकले आणि पुढचं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत माल चाळण्यात गेलं. तंबाखू भरलेल्या मोठ्या पोत्याला आम्ही बोद म्हणतो. बोदाच्या तोंडाला चांगला माल घालायचा आणि पोटात काड्या न् माती, ही शेतकऱ्यांची जुनी खोड. म्हणून व्यापारी वरचा माल हातात घेतच नसे. कोपरापर्यंत हात आत घालून मूठ काढायचा. मी तिला म्हणाले, म्हणजे तू बोदात हात घालतीस म्हण की.

ती जरा विचार करून म्हणाली, तसंच, पण पुरतं तसं नाही. व्यापारी खराब माल हुडकत असतो, त्याच्या हाताला डोळे असतात. चिठ्ठीला डोळे नसतात. ती चांगलंही हुडकत नाही, वाईटही नाही. प्रत्येक घर निघायची शक्यता किती, ते आधीच ठरवलेलं असतं. म्हणून तर थोड्या घरांवरून सगळ्या मुलखाचा अंदाज बांधता येतो. कधी चिठ्ठीत नेमकी मोठीच घरं येतात आणि अंदाज चुकतो. पण असा किती चुकू शकेल, तेही गणितानं आधीच सांगता येतं.

हे मला आवडलं. आपण किती चुकत असू हे आधीच सांगणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं.

मी म्हणाले, मग झालं तर. लिही चार. चुकलं तर धरील तुझं गणित.

तिनं कप खाली ठेवला. "न्हाय आज्जी. चिठ्ठीची चूक गणितात धरता येती. खोटं धरता येत न्हाय. चिठ्ठीची चूक कधी जास्त, कधी कमी. पण आज्ज्या सगळ्या एकाच बाजूला खोटं सांगत्यात. सगळ्याच चार म्हणत्यात. एक असून चार सांगणाऱ्या घावत्यात, पण चार असून कुणी एक सांगितलंय, असं कधी हुतच न्हाय. मग ते भरून कसं निघंल?"

ती पुढे म्हणाली की माझं घर मोजणीत नुसतं स्वतःपुरतं नाही, ते पुष्कळ न काढलेल्या घरांच्या वतीनं उभं आहे. किती घरांच्या, ते मी विचारलं नाही. पण मला ती घरं माहीत होती. माझ्याबरोबर वखारीत काम केलेल्या दोघी-तिघी अशाच आहेत. एकीची मुलं बंगळूरला, एकीचा मुलगा कोल्हापुरात असून येत नाही. दार आतून लावून बसतात. सकाळी दोन भाकरी थापतात आणि त्यातली एक संध्याकाळी खातात. मीही तेच करते. मी चार म्हणाले असते तर टॅबवर आम्हा सगळ्यांची मुलं परत आली असती, आमच्या चुली भरल्या असत्या, आणि आमचं कुणाला काही बघायचं कारण उरलं नसतं.

"लिही," मी म्हणाले. "एक."

नळावर आक्का होतीच. तिनं ऐकलं. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. मग आत गेली. त्या दिवशी तिनं नातवाच्या हातून वाटीभर आमटी पाठवली. मी ती घेतली, पण मला ती वाटी आवडली नाही. आधी अशी वाटी कधी आली नव्हती.

रविवारी मुलाचा फोन आला. मी त्याला सर्व्हेचं सांगितलं, आणि मी काय लिहायला लावलं तेही. तो म्हणाला, "आई, त्यामुळं रेशन कार्डावरची आमची नावं तर कमी हुणार न्हाईत न्हवं?"

मी म्हणाले, न्हाय, त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाय. तो बरं म्हणाला. नातीला ताप होता, तेवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

चिठ्ठीत आलेल्या घराला वर्षभर, दर तीन महिन्यांनी, पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यामुळे ती येत राहिली. तिला सगळं ठाऊक असूनही प्रत्येक वेळी विचारायची, घरात किती माणसं? आणि मी एक म्हणायची. दुसऱ्यांदा जड गेलं. तिसऱ्यांदा चपलेचा नंबर सांगावा तसं सांगितलं. तिच्या येण्याच्या सुमाराला मी आक्काच्या सुनेबरोबर बाजाराला जात नसे. चुकामूक झाली असती.

शेवटच्या खेपेला मी तिला जेवायला बसवलं. भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. मी म्हणाले, आता माझ्या चुलीवरचं खाल्लंस, आता तुला मोज. ती हसली. म्हणाली, सहा महिने खायला लागंल आज्जी.

माझ्या घराचं वर्ष संपलं होतं, पुढच्या खेपेला दुसरी घरं, दुसऱ्या चिठ्ठ्या. मी विचारलं, आमचं घर पुन्हा येईल का? ती म्हणाली, येऊ शकतं, पण शक्यता अगदी कमी.

"एकदा येऊन गेलं म्हणून कमी?"

"तसं न्हाय. घरंच लई हाईत म्हणून. पुढं कधी नव्यानं चिठ्ठ्या काढल्या, तर तुम्ही एकदा आलता ह्ये चिठ्ठीला ठाऊक नसतंय. तिला आठवण नसती."

मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडलं. ती रिक्षात बसली. परत आले तर आक्का कट्ट्यावर बसली होती, आता ती अधूनमधून बसते. तिनं विचारलं, पुन्हा कधी येणार ती पोरगी? माझ्या तोंडावर आलं होतं, येईल की दिवाळीला. मी म्हणाले, येणार न्हाय.