मारियाचे निळे डोळे

माझी फजिती ऐकायचीय ना? मग हातातला चहा आधी संपवा. मागे एकदा हे सांगत होते तेव्हा माझ्या नणंदेला असा ठसका लागला, की तिची कोरी साडी ड्रायक्लीनिंगला द्यावी लागली. जबाबदारी माझी नाही!

मी नुकतीच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागले होते तेव्हाची गोष्ट. कंपनी म्हणजे काय हो, कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतला एक बंगला. हॉलमध्ये आम्ही प्रोग्रामर, बेडरूममध्ये साहेब आणि स्वयंपाकघरात सर्व्हर. पुण्यात तेव्हा घरटी एक मुलगा अमेरिकेत, नाहीतर व्हिसाच्या रांगेत. आमच्या घरचा तिकडे पोचलेला म्हणजे माझा आतेभाऊ मंदार. तो सुट्टीवर आला तेव्हा सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि मला दिली एक सीडी. एका इंग्रजी मारधाडीच्या सिनेमाचं पार्श्वसंगीत. गाणी नाहीत, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. सिनेमा तिकडे तेव्हाच लागला होता, इकडे यायला अवकाश होता.

मी ती सीडी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी मोठ्या कौतुकाने लावली. बाबा संस्कृतचे निवृत्त मास्तर. पाऊण तास डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वाद्यं छान लागलीत. गाणं कधी सुरू होणार?"

पण मला त्या सीडीने वेडच लावलं! काय ते ढोल, काय ती पिपाण्यांची ललकारी! लक्ष्मी रोडवरून स्कूटी नेताना डोक्यात तेच वाजायचं आणि समोरची प्रत्येक रिक्षा मला शत्रूची वाटायची.

ऑफिसातही कानाला हेडफोन लावून मी तेच ऐकायचे. माझ्या शेजारी बसायचा वानखडे. मूळचा अमरावतीकडचा, मनाने सरळ आणि कमालीचा चौकस. एक दिवस त्याने माझा हेडफोन उचलून स्वतःच्या कानाला लावला.

"काय ऐकून राहिली वं आपटे? यात तं कोणी बोलतच नाही!"

"सिनेमाचं संगीत आहे ते. अमेरिकेतल्या."

"पाह्यला का तू तो सिनेमा?"

आता 'नाही' म्हणायला काय जात होतं माझं? दोन अक्षरी शब्द! पण सिनेमा अमेरिकेचा, सीडी अमेरिकेची, माझी मान आधीच दोन इंच वर गेलेली. मी म्हटलं, "म्हणजे काय! मंदारने कॅसेट आणली होती ना."

"मंग सांग ना गोष्ट."

झालं! मी सीडीचं कव्हर उलटं केलं. मागे ट्रॅकची नावं होती. तिसरा ट्रॅक, 'मारिया'. सातवा, 'द ब्रिज'. अकरावा, 'गुडबाय'. यापेक्षा जास्त सामग्री लागते कोणाला? मारिया म्हणजे नायकाची प्रेयसी. तिसऱ्या ट्रॅकला इतकी हळुवार बासरी होती, की तिचे डोळे निळे असणारच. सातव्यात ढोल आणि धडामधूम, म्हणजे पूल उडाला. मारिया पुलावर! आणि अकराव्यातलं ते कापत जाणारं व्हायोलिन म्हणजे नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून तिने सोडलेला प्राण.

वानखडेने डबा अर्धाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती चौघं. तिसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या कुलकर्णी बाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. मलाही चेव चढला! मारियाला मी लहानपणापासून हृदयाचा विकार दिला. तिच्या वडिलांनाच खलनायक करून टाकलं. कुलकर्णी बाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मेल्याला पोटच्या पोरीची दया नाही आली गं?"

मी खेदाने म्हटलं, "नाही आली."

शेवटच्या भागाला दारात आमचे साहेब उभे. करंदीकर सर. आणि मी तर प्रोबेशनवर! पुढच्याच महिन्यात ते ठरवणार होते, मला कायम करायचं की घरी पाठवायचं. सरांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा. सर्व्हरच्या खोलीत चपला घालून जाणं आणि थापा मारणं. त्यांनी मारियाचा मृत्यू शेवटपर्यंत ऐकला, चष्मा पुसला आणि बेडरूममध्ये गेले.

महिन्याभराने सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

"आपटेंचा तो सिनेमा कॅम्पात लागलाय. शनिवारी सगळ्यांनी जायचं. तिकिटं कंपनीची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पायाखाली ते मोझॅकचं फरशीकाम होतं ना, ते सरकल्यासारखं वाटलं!

"सर, तसा काही खास नाहीये हो," मी म्हटलं.

"बाई तीन दिवस रडल्या."

"मारामारी फार आहे."

"मारधाडीचाच सिनेमा आहे, आपटे."

शनिवारी मी सकाळपासून पोट धरून पडले. बाबांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, "पोटात दुखतंय म्हणून सिनेमाला जात नाहीयेस, की सिनेमाला जायचंय म्हणून पोटात दुखतंय?" चाळीस वर्षं मुलांचे दांडीचे अर्ज वाचलेला माणूस तो. मी उठले, साडी नेसले, गेले.

थिएटरात मला बरोब्बर मधली खुर्ची. उजवीकडे सर, डावीकडे वानखडे, मागे कुलकर्णी बाई हातरुमालासकट. अंधार झाला. पहिले ढोल वाजले. संगीत तेच होतं, मला जरा धीर आला. म्हटलं, कोण जाणे, जुळेलही!

तिसऱ्या ट्रॅकची बासरी सुरू झाली. वानखडे पुढे सरकला. "आली आली, मारिया आली!"

आणि पडद्यावर धुक्यातून एक भलंमोठं जहाज आलं. मालवाहू. गंजलेलं. त्याच्या नाकाडावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मारिया'.

मागून कुलकर्णी बाईंचा आवाज आला, "अगं, ही तर बोट!"

मग वानखडे माझ्या कानाशी कुजबुजला, "निळे डोळे कुठी हायेत वं?"

इथेच कबूल करायचं ना माणसाने? पण नाही! मी म्हटलं, "अरे, हे इकडचं व्हर्जन आहे. सेन्सॉरने कापलंय."

उजवीकडून सरांनी शांतपणे विचारलं, "सेन्सॉरने मारियाला कापलं?"

"हो सर."

"आणि तिच्या जागी जहाज टाकलं?"



पुढे पूल आला. मोठा, देखणा पूल. ढोल वाजले, ताशे वाजले, मी डोळे गच्च मिटून देवाला म्हटलं, एवढा एक पूल उडव, बाकी काही मागत नाही. डोळे उघडले तर नायक पुलाखाली मोटार लावून चाक बदलत होता. एवढ्या ढोलांवर! पुलाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मध्यंतर झालं. दिवे लागले. अख्खी रांग समोशाला न उठता माझ्याकडे बघत बसलेली. मी उठून सरांसमोर उभी राहिले.

"सर, मी हा सिनेमा पाहिलेला नाही. नुसता ऐकलाय."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. "बसा," म्हणाले. "अर्धा राहिलाय."

उरलेला अर्धा म्हणजे काय शिक्षा होती म्हणून सांगू! अकराव्या ट्रॅकचं ते काळीज चिरणारं व्हायोलिन आठवतंय? ज्यावर मी मारियाचा प्राण घेतला, बाईंना रडवलं? त्या व्हायोलिनवर खलनायक एकटा बसून सूप पीत होता. अख्खा वाडगाभर. चवीने.

बाहेर पडल्यावर कुलकर्णी बाई एवढंच म्हणाल्या, "तुझाच बरा होता गं." पण त्या अकाउंट्सच्या. मला कायम करणं त्यांच्या हातात थोडंच होतं!

रविवार मी अन्नावाचून काढला. सोमवारी दहाला सरांचं बोलावणं आलं. बेडरूमचं दार लोटून आत गेले. टेबलावर माझी फाईल. म्हटलं, राजीनामा लिहून घेतील, निदान मराठीत लिहिला तर चालेल का ते विचारावं.

"आपटे," सर फाईल मिटत म्हणाले, "उद्यापासून तुम्ही प्रोग्रामिंगला बसू नका."

"सॉरी सर. चूक झाली."

"तुम्ही मार्केटिंगला बसा."

मला कळेचना! सरांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बुधवारी मोठा क्लायंट येतोय. त्यांना आपलं नवीन सॉफ्टवेअर दाखवायचंय. त्याची अजून एक ओळही लिहून झालेली नाही. मला थापा आवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे मला तर ते जमणार नाही."

मला खरंच शरम वाटली हो. मी मान खाली घातली. माझ्या त्या सगळ्या पश्चात्तापाचं वय साधारण पाच सेकंद असेल. मग मान वर करून मी विचारलं,

"सर, त्याचं नाव तरी ठरलंय का?"

"हो."

"मग पुरे आहे."