लाल खुणेवर राहिलेली गाडी

गाडीची चाकं सरळ असतात असं लोकांना वाटतं. तीस वर्षं अलाइनमेंट करतोय, एकही सरळ चाक मला अजून भेटलेलं नाही. प्रत्येक चाक थोडं कललेलं असतं, थोडं आत किंवा बाहेर वळलेलं असतं. ते किती ठेवायचं, एवढंच आमचं काम. हे मी गिऱ्हाइकाला समजावायला जात नाही. माझा आवाज चढतो, आणि बायको म्हणते, तुमच्या तोंडामुळं गिऱ्हाईक पळतं.

एका गिऱ्हाइकाला मात्र सगळं समजावलं होतं. ती गुरांची डॉक्टर. राहायला कळंब्याला, नोकरी मलकापूरला, आणि गाडी दोन सीटांची, जमिनीला टेकलेली, जुनी पण जातिवंत. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, "ताई, ह्या गाडीतनं म्हशी तपासायला जाता व्हय?" ती म्हणाली, "म्हशीला गाडीचं काय मामा, हात चांगला पायजे." त्या दिवसापासून मी तिचा मामा झालो.

महिन्यातल्या एखाद्या रविवारी ती शहराबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवायची. ट्रॅकसाठी चाकं वरून चांगली आत कलवावी लागतात आणि पुढच्या चाकांची नाकं किंचित बाहेर काढावी लागतात. मग स्टिअरिंगला नुसता हात लावला तरी गाडी वळणात शिरते. तीच गाडी मलकापूरच्या रस्त्यावर घातली, की उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चरात शिरून स्वतःच्या मनानं जायला लागते. पावसात तर विचारूच नका. रस्त्याला गाडी नाकासमोर चालणारी लागते. काहीजण दोन्हीला चालेल असं मधलं काहीतरी मागतात. ते धड ना इकडचं, धड ना तिकडचं. म्हणून तिच्या गाडीच्या चाकांमागं, नट फिरतो तिथं, मी दोन खुणा केल्या होत्या, बायकोच्या नेलपॉलिशनं. पांढरी रस्त्याची, लाल ट्रॅकची. शनिवारी मी नट लालवर आणायचा, रविवारी संध्याकाळी परत पांढरीवर, आणि दोन्ही बाजूंना दोरी ताणून पट्टीनं मोजायचं. मशीन आहे माझ्याकडं, पण विश्वास दोरीवर जास्त.

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. सकाळी आंघोळ करून मी पाने, जॅक, दोरी, पट्टी असं सगळं आतल्या खोलीत पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, नारळ फोडला. आमच्याकडं नवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलत नाहीत. वडिलांनी कधी उचललं नाही, मीही नाही. आदल्या दिवशी गाडी लालवर आणून देताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ही पहिली चूक, आणि तिला निदान चूक तरी म्हणता येतं.

दुपारी ती ट्रॅकवरून आली, गाडी दारात लावली आणि "मामा, सहाला येते" म्हणून रिक्षानं घरी गेली. सहा वाजेपर्यंत मी त्या पाटासमोर बसून होतो. तिला सांगायचं कसं? तिच्या घरात बुद्धाची मूर्ती. हिला नवमीचं काय कळणार, शिकलेली आहे, हसेल, वाद घालेल, आणि वादात मी हरेन, असं सगळं माझं मीच ठरवून टाकलं. शिवाय दुसऱ्या दिवशी दसरा, त्यांच्याही घरचा मोठा दिवस. ती कुठं जाणार? कळंबा तर इथून पंधरा मिनिटांवर. मंगळवारी काहीतरी निमित्त काढून गाडी बोलवायची आणि गुपचूप करून टाकायची.

सहाला ती आली. "झालं का मामा?"

"झालंय," मी म्हणालो.

पान्याला हात लावला नाही, देवाचं सगळं सांभाळलं, आणि त्याच दिवशी धडधडीत खोटं बोललो.

सातला तिला मलकापूरच्या पुढच्या एका वाडीतून फोन आला. म्हैस अडली होती. ती तशीच निघाली. वाटेत पाऊस लागला. एका मोरीच्या अलीकडं गाडी चरात शिरली, ती बाहेर काढायला तिनं स्टिअरिंग जरासं वळवलं, आणि गाडी तिच्या अंदाजाच्या दुप्पट वळली. मोरीच्या कठड्यानं गाडी थांबवली. जीव वाचला, पण उजवा हात कोपरात मोडला. ती अडलेली म्हैस वाचली नाही, हे मला नंतर कळलं.

गाडी टोचन करून माझ्याकडंच आली, दुसरीकडं कुठं जाणार? डावं चाक मोडून आत गेलं होतं. उजवं शाबूत होतं, नट लाल खुणेवर. मी काय केलं, तर पेट्रोलची चिंधी घेतली आणि लाल खूण पुसून टाकली. विम्याचा माणूस आला, चार फोटो काढले, चाकाकडं वाकून बघितलंसुद्धा नाही. पण चोराच्या मनात चांदणं. त्याला चहा मी त्या चाकापुढं उभं राहूनच दिला.

दवाखान्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा शहाळी नेली आणि दोन्ही वेळा मूग गिळून बसलो. हाड जुळेल, पण कोपर पूर्वीसारखं वळणार नाही, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत घालायचा तो हात. मला माझी किळस आली. आज लिहितानाही येते.

चार महिन्यांनी ती रिक्षानं गॅरेजवर आली. गाडी विकून टाका म्हणाली.

"तुम्ही गाडी रस्त्याची करून दिली होती मामा. मीच डोक्यानं ट्रॅकवर राहिले. आता स्टिअरिंगवर बसायची भीती वाटती."

तिनं हे इतकं सरळ सांगितलं की मला पुढं गप्प राहता येईना. मी उभ्या उभ्या सगळं बोललो. नवमी, पाट, झालंय म्हटलेलं, चिंधी. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज चढला नाही.

ती जुन्या टायरवर बसली. हात मांडीवर, अर्धवट वाकलेला. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझे वडील बसच्या वर्कशॉपात होते," ती म्हणाली. "नवमीला तिथं पाने पूजायचे. आम्ही पोरं पेढे खायला जायचो. मला नवमी म्हाईत न्हाय व्हय मामा?"

मी तिच्यासमोर जमिनीवर टेकलो.

"आज हात लावत न्हाय, एवढंच सांगायचं होतं की. मी गाडी हितंच ठेवली असती. भावाची मोटरसायकल घेऊन गेले असते."

मग तिनं डाव्या हातानं पर्स खांद्यावर घेतली. मी म्हणालो, थांब, माझी गाडी काढतो, घरी सोडतो.

"नको," ती म्हणाली, "मी चालत जाते."