गळ्यातलं मटणाचं हाड

सोमाजी काकाजींचं स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत आलं होतं, आणि आमचे भूल देणारे डॉक्टर निखारे दारातच अडून उभे होते.

"याचं हार्टचं पंपिंग बघितलं का तुम्ही?" ते मला म्हणाले. "मागे अॅटॅक येऊन गेला आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. मी याला पूर्ण भूल देऊ? टेबलवर काही झालं तर बाहेर याच्या बायकोला कोण सांगेल, तुम्ही की मी?"

केस माझी होती, पण निर्णय मोठ्या सरांचा होता.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. भंडारा जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तेव्हा नवीनच लागले होते. मोठे सर म्हणजे आमचे सर्जन आणि दवाखान्याचे प्रमुख. सगळा स्टाफ त्यांना मोठे सरच म्हणायचा. हात सोन्याचा, आवाज वाघाचा, आणि त्या दिवसांत मान दुखते म्हणून गळ्याला पांढरा पट्टा. पट्ट्यामुळे त्यांना मान हलवता येत नसे, त्यामुळे ते "नाही" म्हणायचे तेव्हा अख्खे हलायचे.

सोमाजी काकाजी (नाव मी बदललं आहे) गोसीखुर्दच्या धरणात गाव गेल्यावर नव्या वस्तीत राहायला आलेले धीवर. साठी ओलांडलेली, अंग काटक. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. आंधळगावला एका कार्यक्रमात जेवताना मटणाचं हाड अडकलं, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं. घरी भाताचे कोरडे गोळे गिळून झाले, केळी खाऊन झाली. हाड काही हललं नाही. दोन दिवसांपासून पाणीसुद्धा उतरत नव्हतं. थुंकी गिळता येत नाही म्हणून हातात वाटी धरून बसले होते.

मी बॅटरी लावून तोंडात बघायला गेले तर त्यांना अशी उबळ आली की वाटी, बॅटरी, माझा अॅप्रन, सगळं एक झालं. दिसलं काहीच नाही. मग मानेचा बाजूने एक्स-रे काढला. त्यात श्वासनळीच्या मागे, अन्ननलिका सुरू होते अगदी त्या जागी, एक उभी पांढरी रेघ. जाड, ठळक.

"सापडलं," मोठे सर म्हणाले. "हे बघ, हाडच आहे. नळी टाकून काढू."

आता एक्स-रेवर सापडलं म्हटल्यावर पुन्हा तोंडात कोण बघतो? मीही बघितलं नाही. रेघ मलाही हाडासारखीच वाटली होती.

नळी टाकणं म्हणजे पूर्ण भूल देऊन, मान मागे करून, अन्ननलिकेत धातूची कडक नळी उतरवायची आणि त्यातून चिमट्याने हाड ओढायचं. धडधाकट माणसाला फारसं काही होत नाही. पण काकाजींचं हृदय भूल सोसेल याची खात्री नव्हती. आणि हाड तसंच ठेवलं तर ते अन्ननलिकेला भोक पाडू शकतं. मग छातीत पू होतो आणि माणूस हातचा जातो. इकडे आड तिकडे विहीर. सीटी स्कॅन आमच्याकडे नव्हता. निखारे म्हणत होते नागपूरला पाठवा. सर म्हणत होते, आधीच उशीर झाला आहे, रस्त्यात भोक पडलं तर?

"नागपूरवाले तरी काय वेगळं करणार आहेत?" सर कडाडले. "घरच्यांची सही घे."

सही घ्यायला मी बाहेर आले. व्हरांड्यात सोसायटीची चार-पाच माणसं बसली होती. काकू, म्हणजे काकाजींची बायको, त्यांच्यापासून लांब, भिंतीला टेकून. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हृदय कमजोर आहे, भुलेत धोका आहे, जीवही जाऊ शकतो.

काकूंनी पेन हातात घेतला. मग सोसायटीच्या माणसांकडे बघितलं आणि माझा हात धरून मला कोपऱ्यात नेलं.

"बाई, मले एक सांगा. मटनाच्या हाडाले अन् मच्छीच्या काट्याले एकच आपरेशन रायते का?"

"काहून विचारता काकू?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मटन नव्हतं जी. घरी रोहू रांधली होती मी. बुढा गोष्टी सांगत सांगत जेवून राहिला होता, अन् लागला काटा."

"मग मटण काहून सांगितलं?"

"आता काय सांगू तुमाले! धीवर माणूस, सोसायटीचा अध्यक्ष, अन् मच्छीचा काटा गळ्यात? सारं गाव हासंल म्हणे. आजवर दुसऱ्यायले शिकवत आला, काटा असा काढाचा, तसा काढाचा. मले म्हणे, तोंड उघडशील तं खबरदार." मग त्या एकदम रडायला लागल्या. "पण जीव जाऊन राहिला तं मी कायले चूप राहू, बाई?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, असं म्हणणार नाही. आधी राग आला. दोन दिवस उपाशी राहील, कमजोर हृदयाने भूल घेईल, पण मच्छी खाल्ली म्हणणार नाही! धन्य तो अध्यक्ष. मग हळूहळू विचार सुरू झाला.

एक्स-रेवर पांढरं दिसतं ते कॅल्शियममुळे. हाड म्हणजे कॅल्शियम भरलेली जिवंत जाळी, म्हणून ते पांढरं. मटणाचं हाड जाड, ते दिसणारच. रोहूचे बारीक काटे केसासारखे, ते मानेच्या मांसात पुष्कळदा दिसतच नाहीत. मग ही जाडजूड रेघ रोहूची कशी असेल? आणि रोहूची नसेल तर कोणाची?

आता थोडं गळ्याविषयी सांगते. कानाचा वरचा भाग दुमडून सोडून द्या. तो आपोआप सरळ होतो. ती कूर्चा. मटणात जी कुरकुरीत लागते, जिच्यासाठी पंगतीत पोरं भांडतात, तीही कूर्चाच. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. आजूबाजूने जे झिरपेल त्यावर ती जगते, म्हणून तिची जखम लवकर भरत नाही. पण ती वाकते आणि पुन्हा जागेवर येते. आपलं स्वरयंत्र आणि श्वासनळी अशा कूर्चांनी उघडी राहतात. तिथे नुसतं मांस असतं तर श्वास घेताना नळी मिटली असती. अखंड हाडाची नळी असती तर मान वळवायची सोय नव्हती. स्वरयंत्राच्या तळाशी एक कूर्चा अंगठीसारखी गोल आहे, पुढे अरुंद, मागे रुंद. तिचा तो मागचा रुंद भाग अन्ननलिकेच्या तोंडाला अगदी खेटून असतो.

आणि माणसाचं वय झालं की स्वरयंत्राच्या या कूर्चांमध्ये कॅल्शियम भरतं आणि त्यांचं हाड व्हायला लागतं. त्याने त्रास काही होत नाही. केस पिकावेत तसंच ते. पण सगळी कूर्चा एकसारखी पिकत नाही, कुठे कुठे पिकते. एक्स-रेत तेवढाच तुकडा पांढरा दिसतो आणि बाहेरून आलेल्या हाडासारखा भासतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण वाचलेलं सांगून मोठ्या सरांना थांबवायचं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढायचा. मी एक्स-रे रूममध्ये धावले. आमच्या टेक्निशियनला, राऊतला म्हटलं, पन्नाशीच्या वरच्या कोणाचाही मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे दे. त्याने शेल्फवरून वरचीच फिल्म काढली, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"ही नेता का मॅडम? पाहा बरं, नोकरी तुमची आहे."

फिल्म मोठ्या सरांचीच होती. मान दुखते म्हणून काढलेली. उजेडाकडे धरून बघितली तर श्वासनळीच्या मागे उभी पांढरी रेघ. अगदी काकाजींच्या जागी.

मी दोन्ही फिल्म नेऊन थिएटरबाहेरच्या दिव्याच्या डब्यावर लावल्या. नावं होती तिथे चिकटपट्टी लावली.

"सर, एक मिनिट. दोन पेशंट आहेत. हाड कोणाच्या गळ्यात आहे?"

सर चिडलेच होते. त्यांनी अख्खं अंग वळवून बघितलं. पहिल्या फिल्मवर बोट ठेवलं. "यात आहे." मग दुसरीवर. "यातही आहे. याच्यात तर जास्तच ठळक आहे. हा दुसरा कुठं ठेवला? त्यालाही भरती कर."

मी चिकटपट्टी काढली.

निखारे छताकडे बघायला लागले. सरांनी स्वतःचं नाव वाचलं, हात गळ्याच्या पट्ट्यावर नेला, दोन्ही रेघा पुन्हा नीट बघितल्या. मला वाटलं, संपलं आपलं, आता सामान बांधायचं. आणि सर हसायला लागले. पट्ट्यामुळे नीट हसता येईना, तरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे मी रोज गळ्यात मटणाचं हाड घेऊन राउंड घेऊन राहिलो!" मग लगेच गंभीर झाले. "पण बेटा, त्याला दुखतं आहे हे तर खोटं नाही. मग अडकलं आहे कुठे?"

"पुन्हा तोंडात बघते सर. बसवून."

काकाजींना खुर्चीत बसवलं. घसा बधिर करायचा स्प्रे मारला, म्हणजे उबळ येत नाही. मग मी त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, "काकाजी, रोहू होती हे मला माहीत झालं आहे. बाहेर कोणाला कळणार नाही. आता खरं सांगा, नेमकं कुठं टोचतं?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. आधी आम्ही विचारू तिथे "हो, हो" म्हणून मान हलवणाऱ्या माणसाने आता एक बोट उचललं आणि डाव्या जबड्याच्या कोनाखाली बरोबर टेकवलं. रेघेच्या कितीतरी वर.

जीभ कापडात धरून पुढे ओढली, आरसा आत धरला. डाव्या टॉन्सिलच्या खालच्या टोकाला, घडीत, काहीतरी चमकलं. थुंकीची तार असेल म्हणून पुसलं. तरी होतंच. चिमट्याने धरलं आणि ओढलं. बारीक, वाकडा, पारदर्शक काटा. हातावर ठेवला तर दिसेना, एवढासा.

बधिरपणा उतरेपर्यंत थांबले, मग म्हटलं, "गिळून बघा."

काकाजींनी थुंकी गिळली. पुन्हा गिळली. मग पाणी मागितलं, आणि ग्लास संपवून रडले. मीही रडले असते, पण मोठे सर मागेच उभे होते.

"साहेब," काकाजी हात जोडून सरांना म्हणाले, "बाहेर सांगू नोका. आमच्या लोकायले मालूम झालं तं सोसायटीत तोंड दाखवाची सोय नाई."

सरांनी आपली फिल्म त्यांच्या पुढ्यात धरली. "हे पाहा, हा माझा गळा. यातही मी हाड दाखवलं आज. तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं सांगत नाही." दोघांनी चक्क हात मिळवले.

दोन दिवस ठेवून घेतलं, ताप नाही, दुखणं नाही, तेव्हा घरी सोडलं. आज दोघांचीही हरकत नाही म्हणून लिहिते आहे. सर आता रिटायर झाले आहेत आणि हा किस्सा माझ्यापेक्षा रंगवून सांगतात.

मी निखाऱ्यांची ऋणी आहे. ते दारात अडले नसते तर आम्ही एका कमजोर हृदयाच्या माणसाला भूल देऊन त्याचीच कूर्चा उपटायला निघालो असतो. सरांची तर जन्मभर ऋणी आहे. दुसरा कोणी असता तर त्या चिकटपट्टीसकट मला दवाखान्याबाहेर काढलं असतं. पण सगळ्यात जास्त उपकार काकूंचे. नवऱ्याचा शब्द मोडायला त्यांना किती जड गेलं असेल, हे मी त्यांच्या हातातल्या पेनाकडे बघून ओळखलं होतं.

घरी जाताना सोसायटीची माणसं काकूंभोवती जमली होती. काय निघालं, केवढं निघालं? मी जिन्यात थांबून ऐकलं. काकू जराही न हसता सांगत होत्या, "हाड निघालं जी, बकऱ्याचं. हे एवढं मोठं!"

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. गळ्यात काही अडकलेला पेशंट आला की काय खाल्लं ते त्याला विचारते, मग त्याला बाहेर बसवते, आणि जिने रांधलं तिला विचारते.