आईने अडवलेला बाप्तिस्मा

महिन्यापूर्वी सकाळी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून मी भाजीवालीशी भांडत होतो, तेव्हा बाबांचा फोन आला. "तुझी आई गेली." मग म्हणाले, "येताना फुलं आण. झेंडू नको, तिला आवडत नाही." मी पांढरी शेवंती घेतली. कोथिंबीरही घेतली, का, ते अजून कळलेलं नाही.

आमची आई, रूथबाई, पक्की बॅप्टिस्ट ख्रिस्ती. तिच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने जाणत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने, सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, हौदात उतरायचं आणि पूर्ण बुडून वर यायचं. बाबा दुसऱ्या मंडळीतले. तीन महिन्यांचे असतानाच त्यांच्या कपाळावर पाणी शिंपडलेलं. "एकदा भिजलोय, परत कशाला?" हा त्यांचा युक्तिवाद. "तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" आई म्हणायची. "अगं, तेव्हा मला बोलता येत नव्हतं!" "तेच म्हणतेय मी." हा खटला जवळजवळ पन्नास वर्षं चालला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आईच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, भाकरीच्या तुकड्यांचा ट्रे फिरायचा. पाण्यात बुडून बाप्तिस्मा झालेल्यांनीच त्यातलं घ्यायचं. आई भाकर घेऊन तो बाबांकडे द्यायची, आणि बाबा पोस्टमनसारखे शेजारच्याला पोचवायचे. त्या क्षणी आई सरळ समोर बघायची, त्यांच्याकडे नाही. एरवी तिच्या नजरेतून काही सुटत नसे. गणिताच्या पेपराआधी मी "आई, प्रार्थना कर" म्हटलं की म्हणायची, "मी करते. तू अभ्यास कर. दोघांनी एकच काम कशाला करायचं?"

गेल्या हिवाळ्यात आईच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले, आणि बाबांनी घरात कुणाला न सांगता तिच्या चर्चच्या पाळकांना गाठलं. रविवार ठरला. आईला व्हीलचेअरवरून पहिल्या रांगेत आणलं. बाबा पांढरे कपडे घालून हौदाच्या पायऱ्यांवर उभे राहिले, घसा खाकरला आणि साक्ष दिली : "आमच्या हिची फार वर्षांची इच्छा आहे. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं, म्हणून उतरतोय." मंडळीत भराभर रुमाल निघाले. मीही माझा शोधत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "पाळकसाहेब, थांबा."

सगळे गार.

"अहो, माझ्यासाठी दूध आणा, औषधं आणा," आई बाबांना म्हणाली. "माझ्यासाठी हे नको."

बाबा गुडघ्यापर्यंत ओले. "अगं, पाणी कोमट केलंय त्यांनी!"

"असू दे. बाहेर या, सर्दी होईल."

घरी आल्यावर मी चिडलो. "जन्मभर हेच मागत होतीस ना?" ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. "हवंच होतं रे... आजही हवं होतं. पण माझं नाव सांगून देवासमोर कसे उभे राहतील? पाण्याखाली माणूस एकटाच जातो."

त्यानंतर एकच पहिला रविवार तिला मिळाला. ट्रे बाबांच्या हातून नेहमीसारखा पुढे गेला. या वेळी मात्र तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि उपासना संपेपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

आता बाबा रोज सकाळी तिचं पवित्र शास्त्र उघडून बसतात. तिने जागोजागी ओळी अधोरेखित केल्या आहेत. बाबा त्या ओळींशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढतात. "हे काय चाललंय?" मी विचारलं. "तुझ्या आईने अडवलं आणि निघून गेली. आता माझं मलाच शोधायला नको?" परवा ते अंघोळीला गेले असताना मी चोरून पानं चाळली. एका ओळीशेजारचं प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसलेलं होतं. मी काही विचारलं नाही. आईनेही विचारलं नसतं... फक्त त्या दिवशी त्यांच्या चहात साखर जरा जास्त पडली असती.